मोकळा हेल

रडण्याला चाल लावू नये, हे मी आरिफला तालमीतच बजावलं होतं. पण पुण्यात गाणं शिकून आलेल्या माणसाला जळकोटच्या बाईनं काय शिकवावं?

आमच्या जत्रेत ‘किल्लेदारीण’ हे नाटक आजेसासऱ्यांच्या काळापासून होतं. वेढा पडलेला किल्ला, अंधारात बाहेर पडून मारला गेलेला किल्लेदार आणि तटावर उभी राहून शोक करणारी त्याची बायको. ही बायको दरसाल कल्याणप्पा व्हायचे. मिशी काढून, नऊवारी नेसून ते असा पुस्तकी शोक करायचे, की मागची मंडळी निवांत शेंगा फोडत बसायची. यंदा बाबामियाँ पेटीवाल्यांच्या आरिफनं त्याच नाटकाचा ऑपेरा केला. म्हणजे एक शब्द नुसता बोलायचा नाही, पाणी मागायचं तरी गाऊन. गावानं त्याला ‘आपरा’ म्हणायला सुरुवात केली. कल्याणप्पा सुरात नव्हते, म्हणून किल्लेदारीण माझ्या गळ्यात पडली. भजनी मंडळात माझा आवाज चढतो, एवढाच काय तो माझा गुन्हा.

तालमी मजेत चालल्या होत्या. मग एके दिवशी आरिफनं शेवटच्या शोकाची चाल पेटीवर धरली आणि मी त्याला थांबवलं. ती चाल आमच्या घरातली होती. सासरे गेले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे कानडी मुलखातून आलेल्या माझ्या सासूनं काढलेला हेल होता तो.

“ही कुठनं आणलीस?” मी विचारलं.

“काकी, तुमच्या भिंतीला भिंत हाय आमची. लहानपणी ऐकलेलं अजून कानातनं जात न्हाय.”

आमच्याकडं हेल काढायची रीत आहे. नवरा गेला की बायको पहिला हेल काढते. गेलेल्याची आई असेल तर ती त्यामागून आपला हेल काढून जोड देते, नसेल तर घरातली थोरली बाई. समोर मयत नसताना मात्र हेल काढायचा नाही. जोड न मिळालेला मोकळा हेल सोबत न्यायला माणूस शोधत फिरतो, असं आत्याबाई सांगायच्या. मी दहावी झालेली बाई, असल्या गोष्टींना हसायचे. पण माझा नवरा शिवानंद टेम्पो चालवतो. कांदा घेऊन हैदराबादला जातो, आणि त्या हायवेनं आमच्या गावची किती माणसं गिळलीत ते गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

“चाल बदल,” मी आरिफला म्हणाले.

“मग कल्याणप्पाकाकाच काय वाईट होते?” तो म्हणाला.

शिवानंदला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, खेळ हाय तो. गा की.” म्हणजे ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागलाय, तोच हसतोय. मग मी माझ्यापुरत्या दोन गोष्टी ठरवल्या. विधवेच्या प्रवेशातसुद्धा हातातल्या बांगड्या उतरवायच्या नाहीत. आरिफनं तिथं हात टेकले. आणि आत्याबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही. त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पण कान अजून तल्लख. “म्या भजन म्हणणार हाय,” एवढंच त्यांना सांगितलं, आणि मंडपवाल्याला आमच्या गल्लीकडचा भोंगा दुसरीकडं वळवायला लावला.

जत्रेच्या दिवशी शिवानंद हैदराबादहून दुपारीच निघाला होता. दिवेलागणीला खेळ सुरू झाला तरी तो पोचला नाही. फोन बंद. तोंडाला रंग लावता लावता मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. तीच बाई तेच सांगत होती.

माझा प्रवेश जवळ आला तेव्हा मी पडद्याआडून बाहेर डोकावले. भोंगा आमच्या गल्लीकडं तोंड करून होता. गल्लीतल्या बायकांना ऐकू येईना, म्हणून त्यांनी तो परत वळवून घेतला होता.

जुन्या नाटकात कल्याणप्पांना ठसका लागला तर ते चार वाक्यं पदरची घालून आत जाऊन पाणी पिऊन यायचे. आपऱ्यात ती सोय नाही. पेटी, ढोलकी, सारंगी, सगळी मागून ढकलत असतात. मी ढकलल्यासारखी तटावर गेले.

पहिला सूर लावला आणि मला किल्लेदार दिसेना. उलटलेला टेम्पो दिसला, रस्त्यावर पसरलेला कांदा दिसला. मी घाबरले, फार घाबरले, आणि जेवढी घाबरले तेवढा आवाज खरा होत गेला. समोरच्या बायकांनी डोक्यावर पदर ओढले. शेंगा फोडायच्या थांबल्या. मला गप्प व्हायचं होतं, पण हेल अर्ध्यात सोडायची तर त्याहून जास्त भीती वाटत होती.

तो संपला तेव्हा मैदानाच्या मागून दुसरा हेल उठला. म्हातारा, फाटका, कानडी.

“नन्न मगना, यल्लि होदी...” माझ्या लेका, कुठं गेलास.

आत्याबाई भिंती चाचपत, अनवाणी, मोकळ्या केसांनी आल्या होत्या. लोकांना वाटलं, हाही खेळच. त्यांनी वाट करून दिली. आरिफनं हात वर करून वाद्यं हळू केली आणि त्यांच्या आवाजाखाली सारंगी लावली. माझ्यानं पाहवेना. मी स्टेजवरून खाली उडी टाकली.

त्यांनी माझी मनगटं धरली. बोटं बांगड्यांवरून फिरली, पुन्हा फिरली.

“बांगड्या हायत की गं. मग हेल कुणाचा?”

“खेळातला हाय, आत्याबाई. खोटा हाय.”

“हेल खोटा नसतो.”

मी त्यांना धरून पडद्यामागं नेलं. तिथं माझा फोन वाजत होता. अनोळखी नंबर. मागोमाग आलेल्या आरिफनं उचलला आणि माझ्या कानाला लावला.

“अगं, उमरग्याला पंक्चर झालं. माझा फोन मेलाय, दुकानवाल्याच्या फोनवरनं बोलतोय. कसा झाला आपरा?” शिवानंद विचारत होता.

मी फोन आत्याबाईंच्या कानाला लावला.

“जेवलास का?” त्यांनी एवढंच विचारलं आणि फोन परत दिला. मग मोकळे केस गोळा करून बुचडा बांधला. “ब्येस झालं म्या आले ते. जोड दिली. मयत नसलं की हेल जोड देणारीलाच धरतो. आता त्यो माझ्या मागं लागंल, त्याच्या न्हाय.”

“असलं बोलू नका,” मी म्हणाले.

आरिफचे डोळे भरले होते. पण कलावंताची जात. “आज्जी,” तो म्हणाला, “सोलापूरला प्रयोग हाय पुढं. तुमी याल?”

मी त्याला काय काय बोलणार होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्याबाईंनी हातानंच मला गप्प केलं.

“असे किती हायत?”

“पाच-सहा तरी होतील.”

“सगळ्यांना येते. हिला येकटीला हेल काढू द्यायचा न्हाय.”

सोलापूर झालं, धाराशिव झालं. आत्याबाई अंगाला शाल लपेटून येतात, जोड देतात. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. आता शिवानंद गाडी घेऊन निघाला की मी पूर्वीसारखी दारात उभी राहत नाही. मी आत जाते आणि आत्याबाईंचा श्वास चालू आहे का, ते बघते.