पेल्याखालचा शिपाई

मित्रांनो, मी एक जुना शिपाई आहे. बोटभर उंचीचा आणि शिशाचा. खांद्याला बंदूक आहे, अंगात घोट्यापर्यंत घोळणारा कोट आहे, पण चेहरा अर्धाच आहे. उरलेल्या अर्ध्याचे काय झाले, हे मला त्या वेळी सांगता आले असते, तर एका माणसाचे मोठे दुःख टळले असते. पण शिशाला तोंड असते, वाचा नसते. आज तुमच्यापुढे ती फुटते आहे, तर ऐका.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेले शिसे ओतले, निवू दिले, साचा उघडला की मी तयार! त्याच साच्यातून माझे शेकडो भाऊ निघाले. धड वेगळे, डोके वेगळे, हात वेगळा, बंदूक वेगळी, असे चार तुकड्यांत मला एका खोक्यात निजवले आणि दुकानाच्या फळीवर ठेवले. तिथून मला एका खऱ्या शिपायाने उचलले.

तो लष्करात नुकताच भरती झाला होता आणि पहिल्या सुट्टीवर घरी निघाला होता. त्याचे वडील पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरची अक्षरे, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, सगळे त्यांच्या हातचे. आई घरी शिवणकाम करायची. घरात पाऊल ठेवताच त्याने खोके वडिलांपुढे धरले.

"बाबा, माणसाएवढी अक्षरं पुष्कळ झाली. आता हा बोटभर गडी रंगवा."

पेंटरबाबांनी माझे डोके चिमटीत धरून उजेडाकडे फिरवले. "अरे, पण ह्याला तोंडच नाही. नुसतं नाक आहे."

"मग माझं काढा की तोंड! नाक तसंही माझ्यासारखंच आहे."

"म्हणजे वाकडं," आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली.

तिघेही हसले. मित्रांनो, त्या घरातले भरभरून हसणे मी एवढे एकदाच ऐकले. त्या सुट्टीत बाबांना पाट्यांच्या कामातून सवड झाली नाही. "पुढच्या सुट्टीला समोर बसवून काढतो तुला," ते म्हणाले आणि मला कपाटावर ठेवून दिले.

पुढच्या सुट्टीला तो आला नाही. डोंगरावरच्या चौकीतून खाली उतरताना त्याची गाडी दरीत गेली.

मी कपाटावर सहा वर्षे पडून राहिलो. खोक्यावर धूळ बसली, धुळीवर धूळ बसली. खाली काय चालले आहे ते मला फक्त ऐकू येई. शिवणयंत्राची खडखड थांबली की समजायचे, आई भिंतीपाशी गेली. भिंतीवर मुलाचा मोठेपणीचा एकच फोटो होता. भरतीच्या अर्जासाठी काढलेला. फोटोवाला म्हणाला होता, हसू नका; आणि त्याने ते फारच मनावर घेतले होते. आई म्हणायची, "हा माझा मुलगा नव्हे. हा अर्जाचा मुलगा." तरी रोज सकाळी, पुढे खाली आल्यावर मी पाहिले तसे, ती त्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसायची आणि पुसताना त्याच्या लहानपणीचे गाणे गुणगुणायची.

गालाला माती, नाकाला माती,
कुणाचं हे पोर आलं माझ्या हाती?
पुसते मी गाल, पुसते मी नाक,
ओळख पटली, आता मारते हाक.

शेवटची ओळ ती कधी म्हणत नसे. तिथे पुन्हा यंत्राची खडखड सुरू व्हायची.

मग एके दिवशी खोके खाली आले. पेंटरबाबांच्या पाट्यांवरच्या ओळी आता उताराला लागल्या होत्या. एका दुकानदाराने "तुमची अक्षरं घरंगळतात हो," असे म्हणून पाटी परत पाठवली होती. बाबा आईला म्हणाले, "डोळ्यांत कडेकडेनं धुकं येतंय. दिसतंय तोवर त्याला काढतो. त्या अर्जातल्यापेक्षा खरा काढतो."

आईने खिडकीपाशी असलेले आपले शिवणयंत्र सरकवले आणि उजेडाची जागा त्यांना दिली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते एवढेच. बाबांनी कानशीने माझ्या अंगावरची साच्याची शिवण घासली. तुकडे जोडले. पायाखाली तार खुपसून मला बाटलीच्या बुचावर उभे केले, म्हणजे रंगवताना माझ्या अंगाला हात लागायला नको. मग करडे अस्तर दिले आणि त्यावर तैलरंग चढू लागले. ते रंग नळीतून काढून थेट लावत नसत. आधी जाड कागदावर ठेवत. कागद त्यातले तेल पिऊन घेई आणि रंग कोरडा, बिनचकाकीचा होई. "शिपाई धुळीतून चालतो. त्याचा कोट चकाकून कसा चालेल?" असे ते मलाच समजावून सांगत. घडीच्या आत काळपट तपकिरी, घडीच्या माथ्यावर फिका खाकी, आणि दोघांच्या मधली रेघ कोरड्या कुंचल्याने इतकी हळूहळू पुसायची, की सावली कुठे संपली हे सावलीलाही कळू नये. कोटालाच तीन आठवडे लागले.

रंग ओला असताना त्यावर धूळ बसली तर ती कायमची. म्हणून रोजचे काम संपले की माझ्यावर काचेचा पेला उपडा घालत.

"घरात पेले सहा," आई कुरकुरायची, "त्यातला एक तुमच्या शिपायाला. पाहुणे आले की मी आपली कपातून पाणी पिणारी!"

"तो सरकारी माणूस आहे. त्याचा मान मोठा."

असे ते दोघे पुन्हा थोडे थोडे थट्टेने बोलू लागले होते.

मग चेहऱ्याची पाळी आली. माझा चेहरा वाटाण्याएवढा. बाबांनी भिंग डोळ्याला बांधले, चार केसांचा कुंचला घेतला आणि दोन दिवस श्वास रोखून काम केले. झाल्यावर आईला बोलावले. तिने वाकून पाहिले आणि हळूच म्हटले, "अहो, हे तर तुम्हीच आहात."

खरेच होते ते. रोज दाढी करताना आरशात जो दिसे, तोच हाताने काढला होता. बाबांनी टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला आणि मला पुन्हा कोरा केला. मग चार दिवस त्यांनी कुंचल्याला हात लावला नाही. नुसते डोळे मिटून खिडकीत बसून राहिले. पाचव्या सकाळी उठले आणि एका बैठकीत दुसरा चेहरा काढला. डावी भुवई जराशी वर, ओठ मिटलेले, पण आत हसू दाबून धरलेले, जणू त्या फोटोवाल्याची पाठ वळायचीच वाट पाहतो आहे.

आईने पाहिले. पाहतच राहिली. मग म्हणाली, "अगदी तोच."

"सात दिवस हात लावायचा नाही," बाबांनी बजावले. "तैलरंग फसवा असतो. वरून वाळल्यासारखा दिसतो, आतून ओलाच असतो." आणि माझ्यावर पेला आला.

पाचव्या दिवशी सकाळी बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. आई घरात एकटीच होती. चार दिवस ती मला काचेआडून बघत होती. त्या दिवशी तिला राहवले नाही. तिने पेला उचलला. माझ्या कोटाच्या टोकाला बोट लावून पाहिले. कोट केव्हाचाच वाळला होता. तिला वाटले, कोट वाळला म्हणजे तोंडही वाळले असणार. तेवढ्यात तिच्याच शिवणातला एक धागा उडून माझ्या डाव्या गालावर बसला. बारीक, पांढरा. ती गुणगुणू लागली होती. "गालाला माती, नाकाला माती..." मी आतल्या आत ओरडलो, आई, नको! पण सहा वर्षांची सवय होती हाताला. "पुसते मी गाल," असे म्हणत तिने अंगठा फिरवला.

गाल नाकावर गेला. डोळा ओघळला. भुवई त्यातच बुडाली.

तिने अंगठ्याकडे पाहिले. त्यावर तिच्या मुलाचा रंग होता.

जिन्यात बाबांची पावले वाजली, तशी तिने घाईघाईने पेला माझ्यावर पालथा घातला आणि अंगठा मुठीत लपवला. सांगणारच होती ती. मला ठाऊक आहे, मी तिचा चेहरा पाहत होतो. पण बाबा आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आतली नस सुकत चाललीय म्हणे. गेलं ते परत यायचं नाही. वर्षभर तरी उजेड पुरेल की नाही, ते सांगता येत नाही."

आता अशा माणसाला ती काय सांगणार? उद्या सांगू, असे तिने ठरवले. उद्याही तिला तो क्षण सापडला नाही.

सातव्या दिवशी बाबांनी पेला उचलला. भिंग लावले. काढून पुसले, पुन्हा लावले.

"हे... हे मी काढलं?"

आई यंत्रापाशी बसली होती.

"मला तर नीट दिसला होता गं. भुवई दिसली होती, ओठ दिसले होते. म्हणजे मला दिसतं तेसुद्धा खरं नाही." मग ते तिच्याकडे वळले. "आणि तू म्हणालीस, अगदी तोच. मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस ना?"

मित्रांनो, त्या खोलीत तेव्हा एवढी शांतता होती, की मला माझ्या अंगावरचा रंग वाळताना ऐकू येत होता. एक शब्द पुरला असता. डाव्या गालाचा रंग अजून आतून मऊ होता. टर्पेंटाइनचा एक थेंब, चार केसांचा कुंचला आणि सकाळचा उजेड, एवढ्यावर मी पुन्हा तो झालो असतो. आईने यंत्राचे चाक घट्ट धरले होते. तिने मान खाली घातली. बाबांना वाटले, ती हो म्हणाली.

"हात गेला. आठवणही गेली," ते म्हणाले. त्यांनी कुंचले न धुताच डब्यात टाकले. जन्मभर कुंचला धुतल्याशिवाय न जेवलेला माणूस तो! महिन्याभरात कुंचल्यांचे केस काटक्यांसारखे झाले. पेला माझ्यावरून निघून पुन्हा स्वयंपाकघरात गेला. माझ्यावर धूळ बसू लागली, आणि भिंतीवरच्या फोटोवरही. आईने पुसणे सोडले होते. गाणेही सोडले होते.

असेच वर्ष गेले. बाबांना आता खिडकी तेवढी पांढरी दिसे, बाकी सगळे करडे. तेव्हा दूर नोकरी करणारी त्यांची थोरली मुलगी आठवडाभर घरी आली. आवराआवर करताना मी तिच्या हाती लागलो. तिने फुंकर मारली, भिंग लावले आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, हा फराटा कुंचल्याचा नाही. ह्यात रेषा आहेत. अंगठ्याचा ठसा आहे हा."

"माझाच असेल," बाबा म्हणाले. "दिसत नाही, धरला असेल कुठंही."

मुलीने भिंग पुन्हा डोळ्याला लावले. ठशाच्या मधोमध एक आडवी चीर होती. शिवणयंत्राची सुई आईच्या अंगठ्यात घुसली होती, तिची ती खूण. लहानपणापासून त्याच अंगठ्याने तिचेही गाल पुसले गेले होते. तिने फक्त आईकडे पाहिले.

आई उठली. बाबांच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"तुमचा नाही तो. माझा आहे. तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात. धागा बसला होता गालावर, तो काढायला गेले."

बाबांनी खिडकीच्या पांढरेपणाकडे तोंड वळवले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

"म्हणजे आधी बरोबर होता?"

"अगदी तोच होता हो. शपथेवर सांगते."

"मग तेव्हाच सांगायचं ना गं," ते म्हणाले. "ओला होता तोवर. एका सकाळचं काम होतं. आणि मी वर्षभर समजत राहिलो, की मला माझा मुलगाच आठवत नाही."

आई रडू लागली. त्यांनी हात पुढे केला, तशी मुलीने मला त्यांच्या तळव्यावर ठेवले. त्यांनी आपला अंगठा माझ्या चेहऱ्यावर टेकवला. रंग आता दगडासारखा झाला होता.

"उजवी बाजू शाबूत आहे?"

"आहे."

"हसतोय?"

"हसतोय," आई म्हणाली. "त्या बाजूनं."

त्यांनी मान हलवली आणि मला तिच्या हातात दिले. दुसरा चेहरा काढायला आता डोळे नव्हते, आणि अर्धा पुसून टाकायला हात धजत नव्हता.

तेव्हापासून मी शिवणयंत्राच्या फळीवर उभा आहे. आई मला पुसत नाही. रोज सकाळी लांबून एक फुंकर मारते. यंत्र सुरू करण्याआधी कधी कधी तिचे ओठ हलतात, गाणे मात्र ऐकू येत नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे मोठी मागणी नाही. कुंचले वापरलेत तर धुऊन ठेवा. वाळत ठेवलेल्या कुणाच्या कामाला हात लावू नका. आणि तरीही लागलाच, कारण हात मायेनेही लागतो, तर अंगठा मुठीत लपवू नका. त्याच दिवशी सांगा. समोरचा माणूस कितीही खचलेला असला तरी सांगा. रंग ओला आहे तोवर एक थेंब पुरतो. माझा वाळला.