जानेवारीतलं पिवळं कार्ड

डेनिस हॉलरॉइड आमच्या क्लबात खेळायला आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो इंग्लंडमधल्या एका लहान क्लबात लागला होता. पहिली दोन वर्षं मोठ्या खेळाडूंचे बूट साफ केले, असं तो स्वतःच सांगायचा. पुढे सोळा वर्षं बचावात खेळला, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या विभागात. सगळ्यात वरच्या विभागात एकच हंगाम मिळाला आणि तोही निम्मा बाकावर बसून गेला. कतारमध्ये शेवटची दोन वर्षं खेळायची आणि घरी जायचं असा त्याचा बेत होता. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. असं झालं की परदेशी खेळाडू सामान बांधतात. हा राहिला. आमच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाला शिकवू लागला, कोचच्या परीक्षा दिल्या, आणि डिसेंबरात मुख्य कोचला काढलं तेव्हा क्लबनं त्याला तात्पुरता कोच केलं.

मी त्या क्लबात संघाचं कागदपत्रांचं काम बघतो. खेळाडूंची नोंदणी, व्हिसा, प्रवास आणि मॅच शीट. त्या दिवशी कोण खेळणार आणि बाकावर कोण, ती यादी म्हणजे मॅच शीट. ती सामन्याआधी सव्वा तास द्यावी लागते. शिवाय पिवळी कार्डं मोजायची. आमच्या स्पर्धेत तिसरं पिवळं कार्ड मिळालं की खेळाडूला पुढचा सामना बंद. ही मोजणी क्लबनंच ठेवायची असते. बंदीतला खेळाडू चुकून मैदानात उतरला तर सामना तीन-शून्यनं गेला, मग मैदानावर काहीही झालेलं असो. कोच कार्डं मोजत नाहीत, खेळाडू तर मुळीच नाहीत. गोविंद मोजतो म्हणून सगळे निवांत असतात.

माझी बायको पुष्पावती जानेवारीत गेली. दोह्यातल्या अल थुमामा भागातल्या आमच्या घरी सकाळी चहा टाकताना कोसळली. तिला नाशिकला न्यायचं तर बरेच कागद लागतात. मी सव्वीस वर्षं इथे लोकांचे कागद केले, पण त्या दिवशी सही कुठे करायची ते मला दिसेना. डेनिसनं गाडी चालवली, माझ्यासाठी रांगेत उभा राहिला आणि प्रत्येक फॉर्मवर बोट ठेवून दाखवत गेला. संध्याकाळी त्याचा सराव होता. तो त्यानं दुसऱ्यावर सोपवला.

मी तेरा दिवस नाशिकला होतो. त्या दिवसांत आमचे दोन सामने झाले. ऑफिसातल्या हजरानं दोन्ही सामन्यांचे अहवाल एका खाकी पाकिटात घातले, वर तारखा लिहिल्या आणि माझ्या टेबलावर ठेवले. मी आल्यावर ती म्हणाली, "मैं चढा दूं क्या चार्ट में?" मी म्हटलं, मी करतो. त्या दोन तारखांतली एक दहाव्याची होती. गोदावरीकाठी मी कावळ्याची वाट बघत बसलो होतो तेव्हा इथे सामना चालू होता. पाकीट हातात घेतलं की ती तारीख दिसायची. उद्या बघू म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि रोज उद्या बघू म्हणता म्हणता एप्रिल आला.

फेब्रुवारीत क्लबच्या सेक्रेटरींनी माझ्या जागी दुसरा माणूस घ्यायचं काढलं होतं. माझं लक्ष नसतं, असं त्यांना वाटत होतं. डेनिस त्यांना म्हणाला, "गोविंद चुकत नाही." हे मला हजरानं सांगितलं.

शेवटचा सामना एप्रिलच्या अखेरीला होता. बरोबरी झाली तरी आम्ही आमच्या विभागात टिकणार होतो. हरलो तर खाली. क्लबच्या अध्यक्षांनी डेनिसला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "टिकलो तर पुढची दोन वर्षं तू कोच. नाही तर खलास." डेनिस म्हणाला, "इन्शाल्ला." सगळे हसले. तोही हसला, पण त्या आठवड्यात त्याचा चेहरा उतरलेला होता.

मी वेळेवर मॅच शीट दिली आणि ड्रेसिंग रूमबाहेर आलो. अबूबकर बाहेर बाकावर बुटांच्या नाड्या बांधत होता. तो सुदानी, पण दोह्यातच वाढलेला, आमच्यासारखीच हिंदी बोलणारा. मांडी दुखावली होती म्हणून डेनिस त्याला शेवटचा अर्धा तास खेळवणार होता. आमच्याकडे मधल्या फळीत चेंडू पायात धरून ठेवणारा तो एकच.

"गोविंदभाई, आज मी शहाण्यासारखा खेळणार. कार्ड नको."

"नकोच. दोन झालीत तुझी."

"दोनच? मग त्या टकल्या रेफरीनं जानेवारीत दिलेलं सोडून दिलं वाटतं त्यानं. भला माणूस निघाला. मी उगाच शिव्या दिल्या."

मी पार्किंगमध्ये जाऊन हजराला फोन केला आणि ड्रॉवरमधलं पाकीट उघडायला सांगितलं. कागद काढल्याचा आवाज आला.

"अबूबकर, एकहत्तरवां मिनट, पीला कार्ड," ती म्हणाली. "क्यों भाई?"

"कुछ नहीं."

"आपकी आवाज ऐसी क्यों हो रही? पानी पिया?"

डिसेंबरातलं एक, हे एक आणि मागच्या सामन्यातलं एक. तीन झाली होती. नाव शीटवर होतं. नुसतं बाकावर असण्यानं सामना जात नाही, मैदानात पाय टाकला की जातो. सामन्याला चाळीस मिनिटं होती.

मी ड्रेसिंग रूमच्या दारात गेलो. डेनिस फळ्यावर चुंबकाचे गोल सरकवत होता. "साठाव्या मिनिटापर्यंत दम धरा," तो सांगत होता. "मग अबू येईल आणि चेंडू आपल्याकडे राहील." त्यानं मला पाहून भुवया उंचावल्या. काही आहे का, असं विचारल्यासारख्या. मी मान हलवली. नाही.

का हलवली, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. जानेवारीपासून क्लबातला प्रत्येक जण विचारायचा, गोविंद, ठीक ना? मी म्हणायचो, ठीक. हे सांगितलं असतं तर मी ठीक नाही हे सगळ्यांना कळलं असतं. मला वाटलं, कदाचित तीन गोल होतील आणि अबूबकरची गरजच पडणार नाही.

मी बाकाच्या टोकाला बसलो. विसाव्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला, चाळिसाव्याला फेडला. हाफटाइमला सांगायचं ठरवलं, तर डेनिस फिजिओशी बोलत उभा होता. पाच मिनिटं मी त्याच्या मागे उभा राहिलो. मग शिट्टी वाजली.

एक-एकवर सामना अडकला. ऊन उतरलं होतं तरी माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी चेंडू बघतच नव्हतो, घड्याळ बघत होतो. एकसष्टाव्या मिनिटाला आमचा मधला खेळाडू पोटरी धरून खाली बसला.

"अबू, यल्ला, चल," डेनिस ओरडला.

अबूबकरनं जॅकेट काढलं. स्टँडमधून त्याच्या नावाचा गजर सुरू झाला. चौथा पंच नंबराची पाटी लावू लागला. मी उठून डेनिसजवळ गेलो.

"त्याला उतरवू नकोस. त्याची तीन कार्डं आहेत. जानेवारीतलं मी धरलं नव्हतं."

डेनिसनं माझ्याकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"खात्री आहे?"

"हो."

त्यानं टचलाइनवर उभ्या असलेल्या अबूबकरचा शर्ट मागून धरला. "खाली बस."

"कोच, मी ठीक आहे, मांडी ठीक आहे."

"बस म्हणतो ना."

त्यानं अरहानला पाठवलं. अरहान डाव्या बाजूचा बचावपटू. मधे तो कधी खेळलाच नव्हता. स्टँडमधून लोक डेनिसला नावं ठेवू लागले. अरहान खूप धावला, पण धावायचं कुठे ते त्याला कळत नव्हतं. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू त्याच्याच पायातून गेला आणि आम्ही दोन-एकनं हरलो.

सामन्यानंतर शीटवर कोचची सही लागते. मी ती घेऊन गेलो तेव्हा डेनिस अध्यक्षांच्या खोलीत उभा होता. अध्यक्ष आवाज चढवत नाहीत.

"अबूबकर तयार उभा होता. सगळं स्टेडियम त्याला मागत होतं. तू त्याला बसवलंस. का?"

"माझा निर्णय," डेनिस म्हणाला.

"कारण काय?"

"मांडीची भीती वाटली."

मी दारातच होतो. मी म्हणालो, "सर, चूक माझी आहे," आणि सगळं सांगितलं. नाशिकचं नाही सांगितलं. फक्त कार्डाचं.

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "म्हणजे तो उतरला असता तर तीन-शून्य. नाही उतरला म्हणून दोन-एक. आपण दोन्हीकडून खालीच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शुक्रन, मिस्टर गोविंद. बाहेर थांबा."

डेनिस दहा मिनिटांनी बाहेर आला. आम्ही गाडीपर्यंत चालत गेलो.

"तुला कधी कळलं?"

"सामन्याआधी. चाळीस मिनिटं."

तो थांबला. "चाळीस मिनिटं. मी वेगळा संघ लावला असता. दोन जणांना मधल्या फळीत ओढलं असतं. अरहानला निदान सांगितलं तरी असतं, कुठे उभा राहा ते."

"हो."

"दारात आला होतास तू. मी विचारलं."

"हो."

"मग?"

"तू सेक्रेटरींना सांगितलं होतंस, गोविंद चुकत नाही."

त्यानं गाडीचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. "तुझी नोकरी राहावी म्हणून म्हणालो होतो मी. तू खरं मानलंस?" मग तो मला न घेताच निघून गेला. मी टॅक्सी केली.

दोन दिवसांनी त्याला काढलं. मला वाटलं माझाही नंबर लागेल, म्हणून मी टेबल आवरून ठेवलं. पण सेक्रेटरी आले आणि म्हणाले, पुढच्या हंगामाच्या नोंदण्या तोंडावर आल्यात, आता नवीन माणूस कुठून आणू, तुम्ही चालू ठेवा. डेनिसचे कागदही तुम्हीच करा.

ते मीच केले. इंग्लंडमधल्या एका चौथ्या विभागातल्या क्लबाला सहायक कोच हवा होता. डेनिसनं अर्ज केला होता आणि त्याला आमच्या क्लबाचं पत्र लागत होतं. मी सगळे आकडे अहवालांवरून घेतले. त्या खाकी पाकिटातले दोन सामनेही घेतले. दहाव्याच्या दिवशी आम्ही जिंकलो होतो, हे मला तेव्हा कळलं. पत्रासोबतच्या फॉर्मवर एक रकाना होता, सोडण्याचं कारण. सेक्रेटरी म्हणाले होते, निकाल असमाधानकारक असं लिहा. मी डेनिसला फोन केला.

"मी तिथे खरं लिहितो," मी म्हटलं. "खेळाडूच्या बंदीबाबत कार्यालयाची चूक. माझ्या सहीनं."

"आणि ते वाचून तिथला माणूस काय म्हणेल? कोचला स्वतःच्या खेळाडूची कार्डं माहीत नव्हती म्हणेल. करार संपला लिही."

"सेक्रेटरी सही करणार नाहीत."

"मग करून घे. तेवढं कर माझ्यासाठी."

त्याच्या बोलण्यात राग होता की नाही, मला कळलं नाही. सेक्रेटरींच्या खोलीबाहेर मी दीड तास बसून राहिलो. ते आधी नाही म्हणाले. मी उठलो नाही. शेवटी त्यांनी सही केली, बहुतेक मी जावं म्हणून.

आज त्याची मुलाखत होती, तिथल्या वेळेनं अकराला. इथून दोन तासांचा फरक आहे, म्हणजे ती केव्हाच संपली असेल. मी एकदा फोन केला, तो बंद होता. आता पुन्हा करायचा धीर होत नाही. पाच वाजत आलेत आणि अजून काही निरोप नाही.