पुलावरचा रुमाल

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता फोटोमास्तर रुळांवरच्या पादचारी पुलावर चढत, कठड्यावर कानशीने घासून केलेल्या खुणेशी कॅमेरा टेकवत आणि एक फोटो काढत. एकच. त्यात डावीकडे रूळ, उजवीकडे गल्ली आणि गल्लीच्या कडेने दुमजली घरांची रांग. एकवीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. पोटापाण्याचा धंदा म्हणजे ओळखपत्रांचे आणि लग्नांचे फोटो, तिथे गिऱ्हाईक म्हणेल तसं हसवावं लागे. पुलावर मात्र मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा.

फोटो स्वच्छ हवा, हा त्यांचा हट्ट. गाडी आडवी यायला नको आणि वाळत घातलेले कपडे तर डोळ्यांसमोर नकोत. शेजाऱ्यांवर हुकूम चालेना, त्यामुळे सगळी शिस्त रांगेतल्या पाचव्या घराच्या, म्हणजे स्वतःच्याच घराच्या वाट्याला आली. मास्तर पुलावरून पांढरा रुमाल हलवत. तो दिसला की बायकोने दोरीवरचे कपडे आत घ्यायचे, खिडकी लावायची आणि स्वतःही दिसेनासं व्हायचं.

"ओल्या चादरी कवटाळून मी अंधारात उभी राहायचं आणि तुम्ही तिकडे कला करायची," ती म्हणे. पण बहुतेक वेळा ऐके.

मग रुळांची आणखी एक जोडी टाकायचं ठरलं आणि ती नेमकी या घरांवरून जाणार होती. जे पंधरा वर्षं सलग राहत असतील त्यांना मागच्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत घर, बाकीच्यांना काही नाही. मास्तरांचं घर वारलेल्या थोरल्या भावाच्या नावावर, बिलंही त्याच्याच नावाची. राहतो ते आपण, हे दाखवायचं कशाने? रेल्वेच्या पुनर्वसन कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळलं, तारीख छापलेले फोटो चालतात. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानेच छापलेली तारीख होती.

कार्यालयातल्या अधिकारी बाई शांतपणे एकेक फोटो बघत गेल्या. अडीचशे फोटो संपायला तास लागला. मास्तर मधूनमधून उन्हाची दिशा समजावून सांगत होते.

"फोटो सुंदर आहेत," बाई शेवटी म्हणाल्या. "घरही दिसतंय. पण काका, यात कोणी राहतं असं कुठे दिसतंय? शेजारी कपडे आहेत, कुंड्या आहेत, माणसं डोकावतायत. पाचवं घर तेवढं कायम बंद. एकवीस वर्षं कुलूप लावून ठेवल्यासारखं."

"मीच बंद करायला सांगायचो."

"का?"

मास्तर फोटो गोळा करायला लागले. स्वतःच्या संसाराचा पुरावा स्वतःच दर महिन्याला, रुमाल हलवून, पुसून टाकणारा दुसरा माणूस त्या कार्यालयाने पाहिला नसेल.

"सोमवारपर्यंत दुसरं काही असेल तर आणा," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं.

घरी येऊन मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती चिडेल म्हणून ते तयारीत होते. ती चिडली नाही, खुर्ची ओढून बसली.

"एकाही फोटोत मी नाही?"

"नाही."

"नातवंडांना दाखवायलासुद्धा नाही," ती म्हणाली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर जाणार याच्या धास्तीपेक्षा हे वाक्य त्यांना जास्त लागलं.

मग तीच म्हणाली, "अहो, पण मी कितीतरी वेळा आत गेलेच नव्हते. डोकं फिरलं की मुद्दाम उभी राहायचे, तुमच्या नाकावर टिच्चून. त्या फोटोंचं काय केलंत?"

"ते बाद."

"बाद म्हणजे टाकून दिलेत?"

मास्तर कसलाही कागद टाकत नसत. कपाटावर बुटांच्या तीन खोक्यांत बिघडलेले फोटो भरून ठेवले होते. फोटो बिघडला की पुढच्या रविवारी नवा काढायचा आणि जुन्याच्या पाठीवर पेन्सिलीने बिघडण्याचं कारण लिहायचं, ही त्यांची पद्धत. खोकी खाली आली आणि दोघं जमिनीवर बसली. 'गाडी आडवी आली.' 'हात हलला.' 'ही आत गेली नाही.' 'ही खिडकीत.' 'धुकं.' 'ही केस विंचरतेय.' 'ही हसतेय, कारण माहीत नाही.' 'ही आत गेली नाही.' ती दिसत होती असे सत्तेचाळीस निघाले, जवळपास दर वर्षीचे. निळ्या पडद्यामागून तरुण बाई बघत होती, मग चष्मा लावलेली, मग केस पांढरे झालेली.

बायको बराच वेळ एकच फोटो धरून बसली. "त्या दिवशी आपलं जोरात वाजलं होतं," ती म्हणाली. "दोरीवर एक इंच जागा ठेवली नव्हती मी."

सोमवारी अधिकारी बाईंनी फोटो पुढून बघितले, मग पालथे करून पाठी वाचल्या. वाचताना त्यांना हसू आवरेना. "बिघडलेलेही इतके नीट जपायला वेगळी शिस्त लागते," म्हणत त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

घर सोडण्याआधीचा शेवटचा पहिला रविवार आला. मास्तर पुलावर गेले. रुमाल आज खिशातच ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं, पण बायकोला सांगायचं राहून गेलं. तिला पुलावर ओळखीची आकृती दिसली मात्र, तिने सवयीने भराभर कपडे आत घेतले, खिडकी लावली आणि दिसेनाशी झाली.

फोन घरीच राहिला होता. आत जा, याची खूण दोघांना पाठ होती. बाहेर ये, याची खूण एकवीस वर्षांत ठरवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मास्तरांनी रुमाल काढला, पण तो हलवला असता तर ती आणखीच आत गेली असती. त्यांनी तो परत खिशात कोंबला, कॅमेरा गळ्यात सोडला आणि भर पुलावर दोन्ही हात हलवायला सुरुवात केली. ये ये, म्हणून. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. खाली एक गाडी येऊन गेली, तरी मास्तरांचे हात चालूच होते.

शेवटी खिडकी उघडली. हातात ओली चादर घेऊन ती बाहेर डोकावली, याला आज झालंय काय, अशा चेहऱ्याने.

त्या फोटोच्या पाठीवर मास्तरांनी पेन्सिलीने लिहिलं, 'ही बाहेर आली.' आणि तो चांगल्या फोटोंत ठेवला, सगळ्यात वर.