इस्पितळाच्या थांब्यावर

उतरणारे उतरले, चढणारे चढले, दार आपटलं, तरी घंटी काही होईना. ड्रायव्हर क्लच दाबून बसून राहिला. मागून कंडक्टरबाईंनी दोनदा दोरी ओढल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं. मग पाठीमागे भोंगे वाजोत नाहीतर आभाळ कोसळो.

"बाई, डोळा लागला का?" तो ओरडला. ओरडलं की घसा सोलून निघायचा.

"घंटी देणार नाही," मागून बाई म्हणाल्या. "उतरा दादा. इस्पितळ आलं."

आता आली का पंचाईत! त्याच्या घशातल्या गाठीचा तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर निघाला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "याच आठवड्यात कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. बरं होण्यासारखं आहे, पण रेंगाळू नका." हे त्याने फक्त बाईंना सांगितलं होतं. बायकोलासुद्धा नाही. तेव्हापासून रिपोर्ट डब्याच्या पिशवीत घालून रोज तो याच थांब्यावर आजारी माणसं उतरवायचा आणि स्वतः पुढे जायचा. आधी मुलीची परीक्षा आडवी आली, मग बदली ड्रायव्हर मिळेना, मग म्हणे जरा ऊन उतरू दे. खरं सांगायचं तर तो थकला होता. भीतीसुद्धा धड वाटत नव्हती. त्या दारातून आत गेल्यावर जे सुरू होईल, त्याला पुरेल एवढं त्राण आपल्यात उरलेलं नाही, असंच त्याला वाटायचं.

"ओ, मुहूर्त बघताय का?" एक प्रवासी खेकसला.

"बाई, तमाशा नका करू. सुट्टीच्या दिवशी जातो की मी."

"आमचे हेसुद्धा असंच म्हणायचे. 'जातो गं, कुठे पळून चाललंय इस्पितळ!' तेव्हा मी गप्प बसले, दादा." बाईंचा आवाज चिरकला. "आता नाही बसणार. माझी तक्रार करायची तर खुशाल करा."

मुहूर्तवाल्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार कुणीतरी बाहेरून उघडलं. खाली बदली ड्रायव्हर उभा होता. बाईंनीच डेपोत हातापाया पडून त्याला या थांब्यावर बोलावून ठेवलं होतं.

"या खाली," तो ओशाळून म्हणाला. "मी नेतो गाडी."

ड्रायव्हरने इंजिनाकडे, मग बाईंकडे पाहिलं. भांडायचं तरी किती?

"दुसरा गिअर अडतो हिचा," डब्याची पिशवी घेऊन खाली उतरता उतरता तो म्हणाला. "चुचकारून टाक."

आत डॉक्टरीणबाईंनी त्याची मान चाचपली, रिपोर्ट वाचला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

"आणखी लांबवलं असतंत तर आवाज वाचवणं कठीण झालं असतं," त्या म्हणाल्या. "अजून हातात आहे. आजच स्कॅन करून घेऊ, उपचार लगेच ठरवू. सोबत कोण आहे?"

कुणी नाही म्हणून त्याने मान हलवली. मग बाहेरच्या बाकड्यावर बसून बायकोला फोन लावला.

"अगंबाई, आत्ता कसा फोन? गाडी बंद पडली का?"

"नाही. गाडी गेली पुढे." "मी इस्पितळात उतरलोय. तू ये गं."

पलीकडून ती चप्पल शोधत असल्याचा आवाज तेवढा आला. बाकड्यावर शेजारी ठेवलेली डब्याची पिशवी उचलून त्याने मांडीवर घेतली.