स्वतःच्याच घराची कडी

दुबईतली कंपनी २००९च्या मंदीत बंद पडली, तेव्हा आभा पुण्याला परतली होती. चार वर्षांनी अबू धाबीत एका बँकेचं मोबाइल अ‍ॅप तपासायचं काम मिळालं, तेही प्रोबेशनवर. पहिल्याच रिपोर्टात काहीतरी मोठं दाखवायची तिला घाई झाली होती.

फोन बनवणाऱ्या कंपनीने घातलेली बंधनं मोडून पूर्ण ताब्यात घेतलेल्या फोनला रूट केलेला फोन म्हणतात. बँकेचं अ‍ॅप आधी फोन तपासायचं आणि तो असा निघाला तर उघडत नसे. आभाने ती तपासणी चुकवून अ‍ॅप उघडलं आणि लिहिलं: गंभीर त्रुटी.

हा रिपोर्ट बँकेपुढे मांडायच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी तिचे साहेब, वसईचे कॅस्मिर डाबरे, यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"फोन कुणाचा होता?"

"माझाच, सर."

"खातं?"

"तेही माझंच."

"मग चोरलंस काय? स्वतःच्याच घराची कडी काढलीस. माझ्या बायकोचा फोनपण रूट केलेला आहे. मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, म्हणून फॉन्ट टाकून घेतला. ती काय चोर आहे?"

आभाचा चेहरा उतरला. "पण सर, तपासणी चुकवता येते, हे खरंय ना?"

"खरंय. शेवटी सूचना म्हणून लिहू. पण आत शिरलीस ना? मग थांबलीस कशाला? पुढे बघ. मीटिंग मी रविवारवर ढकलतो."

फोन पूर्ण ताब्यात असल्याने अ‍ॅप बँकेच्या सर्व्हरशी काय बोलतं, ते तिला दिसत होतं. तिने रुवैसला नोकरी करणाऱ्या नवऱ्याला फोन लावला; त्याचंही खातं याच बँकेत होतं. त्याला विचारून अ‍ॅपच्या विनंतीत स्वतःच्या खाते क्रमांकाच्या जागी त्याचा टाकला. सर्व्हरने काही न विचारता त्याचे सगळे व्यवहार समोर ठेवले.

"सुजीत, काल शवरमा खाल्लास?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बँकेने!"

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्यातल्या कामाच्या पहिल्या दिवशी, मीटिंगमध्ये कॅस्मिर एवढंच म्हणाले, "हे आभाने शोधलंय, तीच सांगेल." ती चूक त्याच दिवशी दुरुस्त झाली. पुढच्या महिन्यात आभाची नोकरी पक्की झाली.

त्यानंतरच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ती आणि सुजीत अल रीम आयलंडवर कॅस्मिरांकडे जेवायला गेले. आभा आभार मानू लागली, तसे ते अरबीत "खलास, खलास", म्हणजे पुरे, पुरे, म्हणत पाणी आणायला उठले.

त्यांची बायको सोफिया हळूच म्हणाली, "मीटिंग ढकलली त्या दिवशी वरच्यांची बोलणी खाऊन आला होता. 'माझीच तयारी झाली नाही,' असं स्वतःवर घेऊन सांगितलं त्याने."

आभाला हे ठाऊक नव्हतं. कॅस्मिर पाणी घेऊन आले. ती उठली आणि त्यांच्या हातातला जग घेऊन सगळ्यांचे ग्लास भरू लागली.