डोकं दिसलं नाही

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. त्यांच्या शेवटच्या नोंदीवर पक्षीमंडळाला संशय होता, म्हणून तपासनीस बाई आमच्याबरोबर तळ्यावर आल्या होत्या. नोंद टिकली, तर या भागात कुरणचिमणा, म्हणजे साध्या चिमण्याचा दुर्मिळ भाऊबंद, पाहणारे पहिले म्हणून बाबांचं नाव यादीत लागणार होतं.

"कुशीवर रेघा म्हणे," दुर्बिणीतून नजर न काढता बाई म्हणाल्या. "साधा चिमणा आंघोळ करून आला तरी रेघा दिसतात."

"चाळीस वर्षं पक्षी बघितले हो त्यानं! ओला चिमणा कळला नसता?" काका भडकले. हे बाबांचे मित्र. मंडळाला अर्ज त्यांनीच पाठवला होता.

"चाळीस वर्षांत डोळेही म्हातारे होतात."

बाईंना हौशी माणसाचं नाव यादीत नकोच आहे, अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात लव्हाळ्यातून एक चिमणा बांधावर आला. कुशीवर ठसठशीत रेघा! काकांनी माझा दंड घट्ट धरला. चिमण्यानं अंग झटकलं, पिसं फुलवली, ऊन खात बसला. हळूहळू रेघा पुसट झाल्या, मग उरल्याच नाहीत. टाळू करडी. आपला घरादारातलाच चिमणा.

"म्हणून डोकं बघायचं," बाई जरा नरमाईनं म्हणाल्या. "अर्जात 'डोकं पूर्ण तांबूस' आहे. ते खरं असेल, तर माझी हरकत नाही."

मी अर्ज मागून घेतला. सगळे रकाने भरलेले. तिथंच मला खटकलं. बाबा न दिसलेलंही न चुकता लिहीत. माझा जन्म आत्याला कळवतानाही त्यांनी लिहिलं होतं, 'मुलगी. केस काळे. डोळे दिसले नाहीत, झोपली आहे.' आत्या अजून हसते.

"काका, बाबांची वही?"

"घरी राहिली गं."

"तुमच्या पिशवीतून डोकावतेय."

त्यांनी ती काढून दिली. शेवटच्या पानावर होतं, 'रेघा स्पष्ट. डोकं दिसलं नाही, लव्हाळ्याचं पातं आड आलं.'

"दम लागला म्हणून परतला तो," काका म्हणाले. "पाच मिनिटं थांबला असता, तर दिसलं असतं. तेवढंच भरलं मी."

मी वही बाईंपुढे धरली. "अर्ज रद्द करा. हे उतरवून घ्या, शब्दन् शब्द."

"जात कोणती लिहू?"

"त्यांनी त्याच पानावर खाली लिहिलीय तीच. 'खात्री नाही.'"

"मग नाव लागणार नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. बाईंनी पेनचं टोपण काढलं.