पांढऱ्या साडीवरची ओढणी

"ह्यातून मान दिसायलीय," म्हणत पंचफुलाबाईंनी जाळीची ओढणी बाजूला सारली.

परभणीतली दोन दुकानं पालथी घालून मायलेकी या तिसऱ्या दुकानात आल्या होत्या. संघप्रियाची लग्नाची साडी काउंटरवर उलगडलेली होती, पांढरी, बारीक सोनेरी काठाची. दुकानदाराने साटीनची ओढणी दाखवली. ती साडीपुढे पिवळट वाटली. टिश्यूची डोक्यावर ताठ उभी राहिली. संघप्रियाला जाळीचीच हवी होती. पंचफुलाबाई मात्र उठत होत्या, बसत होत्या, कापडामागे हात धरून उजेडात बघत होत्या.

त्या चुडाव्याच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. संघप्रिया लहान असताना चुलीवरचं आधण तिच्या अंगावर सांडलं. उजवा कान आकसला, मानेची कातडी सुरकुतली. तेव्हापासून बाईंचा जीव त्या एका बाजूला अडकलेला. शाळेचा फोटो असो की कुणाचं लग्न, त्या आधी लेकीचे केस पुढे ओढायच्या. गंगाखेडच्या साखर कारखान्यात फिटर असलेल्या नागेशचं स्थळ आलं, तेव्हा बघायच्या कार्यक्रमातही त्यांनी तिचा पदर कानावरून घट्ट घेतला होता. पत्रिका वाटल्या आणि त्यांची झोप उडाली. आता ऐन मांडवात कळलं तर काय, हे त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

त्यांनी पुन्हा दाट ओढणी मागितली. दुकानदार माळ्यावर चढला, तशी संघप्रिया हळूच म्हणाली, "माय, नागेशनं कान बघितलाय."

"कवा?"

"साखरपुड्याच्या आधी. गंगाखेडला भेटलो तवा मीच केस मागं घेतले. म्हनलं, नीट बघा, मग हो म्हना."

"मग?"

"दुखतं का, इचारलं. न्हाई म्हनलं. मग आमी च्या पिलो."

"मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस व्हय?"

पंचफुलाबाई स्टुलावर बसल्या. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, इतकी वर्षं आपण धरून ठेवलेलं काहीतरी पोरीने न विचारता काढून घेतलं.

दुकानदार हातभर ओढण्या घेऊन खाली आला. बाईंनी त्या उलगडूही दिल्या नाहीत. जाळीची ओढणी उचलून स्वतःच लेकीच्या डोक्यावर ठेवली. सोनेरी काठ खुलून दिसला. कानही दिसला.

"हीच बांधा," त्या म्हणाल्या.

स्टेशनवर उकाडा होता. संघप्रियाने केस वर गुंडाळून अंबाडा घातला. बाकावर बसलेली एक अनोळखी बाई तिच्या कानाकडे बघतच राहिली. एरवी पंचफुलाबाईंनी लगेच लेकीचे केस पुढे ओढले असते. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"लेक हाय माझी," त्या बाईला म्हणाल्या, "ऐतवारी लगीन हाय तिचं."

बाईने आपली पिशवी उचलून दोघींना बाकावर जागा करून दिली. गाडीला अजून वेळ होता.